अस्तरामागचं पाणी

"एक वर गं, एक खाली, एक वरून वळला,
गेला धागा त्याच्या घरी, कुणा नाही कळला."

सासूबाईंचा आवाज एरवी घोगरा. पण रफूला बसल्या की त्यातली सगळी काजळी झडायची. दोन्ही सुना घरात नव्या आल्या, तेव्हा त्यांच्या हातात सुई देण्याआधी सासूबाईंनी ही ओळ त्यांच्या तोंडात दिली. धागे मोजायचे ते या ओळीवर. बोट थांबलं तर चालेल, ओळ अर्ध्यात थांबता कामा नये, हा त्यांचा दंडक. "दारात राजा येऊन उभा राहिला तरी 'कळला' म्हणून झाल्यावरच मान वर करायची. तोवर राजाला उभा राहू दे. त्याचाही कोट फाटलाय म्हणूनच आलाय तो."

सासूबाई गेल्या त्यालाही आता जमाना झाला. चावीवाला आणि छपाईवाला यांच्यामधल्या त्या अरुंद दुकानात दोघी जावा बसत राहिल्या. थोरली खिडकीपाशी, धाकटी दिव्याखाली. कुणाच्या कोटाला खिळ्यानं भोक पाडलेलं, कुणाच्या शालीला कसर लागलेली, कुणाच्या पँटीवर विडीची ठिणगी पडलेली. शिवणीच्या आत दडलेल्या कापडातून त्याच रंगाचे धागे उसवून काढायचे आणि भोकावर नवं कापड विणायचं, इतकं जुन्यासारखं की खुद्द मालकाला आपलं भोक कुठं होतं ते आठवू नये.

आणि रफू झाला की शोध. हीसुद्धा सासूबाईंचीच रीत. जिनं रफू केला तिनं कापड दुसरीच्या पुढ्यात ठेवायचं, जागा सांगायची नाही. दुसरीनं शोधायचं. सापडला, तर तिथल्या तिथं उसवायचा. नाही सापडला, तरच इस्त्री.

थोरलीच्या डोळ्यांत मोतीबिंदू शिरला तो चोरपावलांनी. आधी खिडकीची काच मळली असं तिला वाटलं, ती पुसून झाली. मग दिवा मंद झाला असं वाटलं, तो बदलून झाला. तिसऱ्यांदा पुसण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तिला कळलं, आणि कळलं ते तिनं मनातच ठेवलं. "आता बारीक काम तू कर गं, मी गिऱ्हाइकं बघते," असं सहज म्हणून ती गल्ल्यापाशी सरकली. धाकटीला वाटलं, मान मिळाला. आणि रोज संध्याकाळी धाकटी शोधाला कापड पुढ्यात ठेवायची. थोरली ते उजेडात धरायची, बोटांनी चाचपायची, ओठांत ओळ म्हणायची. धुक्यात धुकंच. मग म्हणायची, "नाही सापडला."

धाकटीचा श्वास सुटायचा, तो मात्र थोरलीला नीट ऐकू यायचा.

असं दोन-अडीच वर्षं चाललं. शेवटी थोरलीनं एकाचा कोट दुसऱ्याला दिला आणि तो दुसरा तोच घालून लग्नाला गेला, तेव्हा मुलानं तिला दवाखान्यात नेलं. मुलगा नवलाईचा भोक्ता. "आई, आता पातं नाही लावत, लेझरनं करतात. यंत्र डोळ्यावर येतं, आतल्या भिंगाच्या पिशवीला कंपासनं काढल्यासारखं गोल दार पाडतं. मळलेलं भिंग काढतात, त्याच पिशवीत नवं ठेवतात."

"आणि दार लावून घेतात का?" थोरलीनं विचारलं.

"नाही, ते उघडंच राहतं."

"मग वारा लागत असेल," धाकटी म्हणाली.

आधी एकच डोळा करायचा ठरला, उजवा. पट्टी निघाली त्या सकाळी थोरलीला समोरच्या गच्चीवरची कपड्यांची दोरी दिसली, दोरीवरचे चिमटे दिसले. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की नवं भिंग लांबचं बघायला आहे, जवळच्या कामाला चष्मा लागेल. तो बनायला टाकायचा होता. थोरलीनं चिमट्यांचे रंग मोठ्यानं सांगितले, मुलगा खूश, सगळे खूश.

मग आठवडा भरायच्या आतच गंमत सुरू झाली. गच्चीवरचे चिमटे आधी दोरीत मिसळले, मग दोरी आभाळात. आणि त्याच सुमाराला, चष्म्याशिवाय, मांडीवरच्या कोटाचे धागे एकेक करून वर येऊ लागले. जणू कुणी बुडालेल्यांना हात देऊन काठावर घेत होतं. उभा धागा, आडवा धागा, त्यावरचा पीळ, पिळावरची लव. विशीतसुद्धा तिनं असं पाहिलं नव्हतं.

थोरलीचा स्वभाव मुळात उसवून बघण्याचा. कोट कसा झाला हे तिला बाहेरून कधी पटायचं नाही, अस्तर उचलून आत डोकवायची. आता स्वतःचाच डोळा असा पुढ्यात पडला. तिनं डावा डोळा हातानं झाकला, दोरा नाकासमोर ताणला, आणि पुढं-मागं करून बघितला. हात पूर्ण लांब केला तर दोरा विरघळायचा. कोपरात वाकवला की ओळखू यायचा. वितीवर आणला की लख्ख. काही दिवसांनी तो लख्खपणा वितीहून अलीकडं सरकला. म्हणजे आत काहीतरी चाललं होतं, काहीतरी पुढं पुढं येत होतं. काय असेल? भिंग सैल झालं? दार लागलं? तिला भीती वाटायच्या ऐवजी नवलच जास्त वाटलं.

"नाकासमोर दोरा धरून काय बसता हो जाऊबाई? जादू शिकताय?" धाकटीनं विचारलं.

"डोळ्याला व्यायाम."

"कुणी सांगितला?"

"डोळ्यानंच."

लांबच्या जगाचे मात्र हाल झाले. एकदा दुकान बंद करून निघताना थोरलीनं रस्त्यापलीकडं मान लववून हसून विचारलं, "काय, आज उशीर?"

"कुणाशी बोलताय?" धाकटी.

"औषधवाल्याशी. दारात उभाय ना."

धाकटीनं पाहिलं. कपड्यांच्या दुकानाच्या काचेत बिनडोक्याचा पुतळा उभा होता, अंगात पट्ट्यापट्ट्यांचा सदरा. "डोकं नाही हो त्याला," ती म्हणाली.

"म्हणूनच उत्तर देत नाही मेला," थोरलीनं वेळ मारून नेली आणि दोघी हसत घरी गेल्या. पण धाकटीचं हसणं जरा आधी थांबलं.

दवाखान्यात पुन्हा दाखवायचा दिवस आला तेव्हा थोरलीनं बाकावर बसल्या बसल्या आतली तपासणी ऐकली. दार अर्धवट उघडं असायचं. एकामागून एक माणूस आत जाऊन भिंतीवरच्या उजळ तक्त्यातली अक्षरं मोठ्यानं वाचायचा, वरच्या ओळीत एकटंच धिप्पाड अक्षर, खाली खाली गर्दी. तिचा नंबर येईतो सगळा तक्ता तिला सासूबाईंच्या चालीवर पाठ झाला होता. आत जाऊन तिनं तो म्हटला. डॉक्टरीणबाईंनी यंत्रातला आकडा पाहिला, तिच्याकडं पाहिलं, पुन्हा आकडा पाहिला. "विचित्रच आहे. यंत्र म्हणतंय लांबचं कमी दिसायला हवं. थेंब चालू ठेवा, मावशी, आणि पुढच्या आठवड्यात परत या. मला हे पुन्हा बघायचंय."

थोरली का लपवत होती? सांगितलं तर डॉक्टरीणबाई डोळा सरळ करतील, हे तिला कळत होतं. लांबचं येईल आणि हे जवळचं जाईल. चष्मा मिळेल, पण चष्म्यातून असं दिसत नाही, ते तिनं शेजारच्या छपाईवाल्याचा लावून बघितलं होतं. आणि तिला अजून थोडे दिवस हवे होते, कारण ती शोध घेत होती. खराखुरा.

धाकटी दुपारी डबा धुवायला मागं गेली की थोरली फडताळावरचे तयार कोट एकेक करून उचलायची. पहिल्याच कोटात तिला रफू सापडला. दुसऱ्यात सापडला. विणकाम सुरेख, रंग बिनचूक, पण डाव्या काठाला धागा वळतो तिथं बारीकशी ओढ. कापडाच्या अंगावर जणू कुणी चिमटा घेतलाय. आधी वाटलं, हा दोष आपल्या डोळ्याचाच. आत काहीतरी सरकतंय, तर सरळ धागाही वाकडा दिसेल. मग तिनं सासूबाईंनी रफू केलेली घरातली जुनी शाल काढली आणि त्याच वितीवर, त्याच खिडकीत धरली. जागा तिला ठाऊक होती, तरी धागा सरळ आला आणि सरळ गेला. स्वतःचं जुनं काम काढलं. तेही सरळ. म्हणजे ओढ डोळ्यात नव्हती. धाकटीच्या हातात होती.

धाकटीनं त्या दिवसांत दोनदा कापड पुढ्यात ठेवलं. थोरली म्हणाली, "उद्या बघते, डोळा नवा आहे अजून."

"अहो, दिसत नव्हतं तेव्हा पटकन बघायचात. आता लेझरचा डोळा आलाय तर उद्या?" धाकटी हसत म्हणाली, पण कापड तिनं जरा आपटूनच ठेवलं. थोरलीनं ते शब्द मनातल्या मनात उसवून पाहिले. दिसत नव्हतं तेव्हा. म्हणजे हिला माहीत होतं? की सहज बोलली? थोरलीनं तिच्या चेहऱ्याकडं पाहिलं. चेहरा दिव्याखाली होता, वितीच्या पुष्कळ पलीकडं, आणि त्यावर काहीच वाचता येत नव्हतं.

ठरल्या दिवशी थोरली पुन्हा दवाखान्यात गेली. या खेपेला धाकटी बरोबर आली. "पुतळ्यांशी गप्पा मारत दुसरीकडंच गेलात तर?" म्हणून दुकानाला कुलूप घालून आली.

अंधाऱ्या खोलीत तक्ता उजळला. डावा डोळा झाकून थोरलीनं सुरुवात केली. वरचं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी. चाल लागली. चौथ्या ओळीच्या मध्यावर डॉक्टरीणबाईंनी हळूच बटण दाबलं. भिंत काळी झाली. तो उजेड गेलेला थोरलीलाही कळला. पण ओळ अर्ध्यात थांबता कामा नये. पाचवी झाली, सहावी झाली, सगळ्यात खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची, तीही ठेक्यात पार पडली.

कोपऱ्यात बसलेल्या धाकटीला हसू फुटलं ते आवरेना. "डॉक्टरीणबाई, जाऊबाईंना थांबवून उपयोग नाही. आमच्यात राजा आला तरी थांबत नाहीत."

डॉक्टरीणबाईही हसल्या, दिवा लावला आणि खुर्ची पुढं ओढून बसल्या. "मावशी, यंत्र खोटं बोलत नव्हतं तर."

"नाही."

"किती दिवस?"

"आठवडा भरायच्या आतच सुरू झालं. लांबचं गेलं आणि जवळचं आलं. इतकं जवळचं, की धाग्याची लव दिसते."

बाईंच्या भुवया वर गेल्या. रागावतील असं थोरलीला वाटलं होतं, पण त्यांचे डोळे एकदम लहान मुलीसारखे झाले. "लव दिसते? थांबा. थांबा जरा." त्यांनी तिची हनुवटी यंत्रावर टेकवली, उजेडाची बारीक पट्टी डोळ्यातून पुन्हा पुन्हा फिरवली. मग दुसऱ्या यंत्रावर चित्र काढलं आणि पडदा तिच्याकडं वळवला. थोरलीनं खुर्ची सरकवली, नाक पडद्याला लागेल इतकी वाकली.

"हे तुमचं नवं भिंग. ही त्याची पिशवी. पुढच्या बाजूला लेझरनं पाडलेलं गोल दार दिसतंय? भिंगाची कड त्या दाराला आतून चिकटून बसलीये, डब्याच्या झाकणासारखी. ऑपरेशनच्या वेळी आत जेलसारखं काही घालावं लागतं. ते आम्ही धुऊन काढतो, पण किंचित मागं राहिलं असणार. त्यानं पाणी ओढलं. बाहेर पडायला वाट नाही. म्हणून भिंगाच्या मागं पाणी साठतंय आणि ते भिंगाला पुढं ढकलतंय. भिंग पुढं आलं की जवळचं दिसतं आणि लांबचं जातं."

थोरलीनं पडद्यावरच्या त्या फुगीर रेघेवरून काच न शिवता बोट फिरवलं. इतके दिवस दोरा धरून जे मोजत होती, ते हे. "कोट भिजला आणि पाणी अस्तरात अडकलं की असाच फुगा येतो," ती म्हणाली. "आपण काय करतो, खाली एक टाका उसवतो."

"मीही तेच करणार. पिशवीच्या मागच्या बाजूला दुसऱ्या एका लेझरनं बारीक भोक. दुखत नाही, मिनिटाचं काम. पाणी मागं निघून जाईल, भिंग जागेवर बसेल." बाई अजून पडद्याकडंच बघत होत्या. "फार क्वचित होतं हे, मावशी. मी पुस्तकात वाचलं होतं, माझ्या खुर्चीत पहिल्यांदाच आलंय. खरं तर मागच्या आठवड्यातच मी थेंब घालून आत बघायला हवं होतं. तुम्ही इतकं झोकात वाचलंत की मी यंत्रावरच संशय घेतला."

"आणि नाही पाडलं भोक तर?"

"जवळचं ठेवायचंय?"

धाकटीनं कोपऱ्यातून मान पुढं काढली.

बाईंनी आवाज खाली आणला. "तुमच्या डोळ्याचं प्रेशर आज वाढलेलं आहे. भिंगाबरोबर बुबुळही पुढं रेटलं जातंय. हे असंच राहिलं तर आतली नस दुखावेल. मग लांबचंही नाही आणि जवळचंही नाही. आज औषध देते, प्रेशर उतरू दे, बाहुली मोठी होऊ दे. तासाभरानं बोलावते. हो म्हणायचं का ते तेवढ्यात ठरवा, पण मी तुमच्या जागी असते तर ठरवायला तास घेतला नसता."

दोघी बाहेर बाकावर येऊन बसल्या. डोळ्यात थेंब पडले होते, खिडकीतला उजेड थोरलीला टोचत होता. समोरून माणसं जात होती, त्यांच्या नुसत्या रंगीत सावल्या. एक पांढरी सावली दार उघडून गेली, एक निळी सावली खोकली.

"पाडून घ्या की भोक," धाकटी म्हणाली. "एवढा काय विचार? चष्मा लागेल, लागू दे. मला नाही का लागला?"

"तुला लागला?"

"गेल्या वर्षीपासून आहे. दुकानात बसलं की नाकावरच असतो, आज तसाच राहिला." धाकटी हसली. "बघा, एवढंही दिसत नव्हतं तुम्हाला."

थोरलीनं मान वळवली आणि तिच्याकडं बघत राहिली. मग सरकून जवळ आली, आणखी जवळ. खरंच चष्मा होता. काळ्या काड्यांचा, एका बाजूला टेकू म्हणून दोरा गुंडाळलेला.

"अहो, लोक बघतायत. मुका घेताय की काय?"

"गप बस." थोरलीनं तिचा हात उचलला. धाकटीच्या अंगात तिचाच करडा कोट होता, जुना. बाहीच्या कोपराशी कधीतरी ती खुर्चीच्या खिळ्याला अडकली होती, त्याचा रफू तिनं स्वतःच केला होता. जागा कुठली ते थोरलीला ठाऊक नव्हतं. तिनं बाही नाकाशी आणली. डोळ्यातून पाणी येत होतं, ते तिनं पदरानं टिपलं आणि ओळ म्हणायला लागली, ओठांतल्या ओठांत. एक वर, एक खाली. करडे धागे पुढ्यात उभे राहिले, लवेसकट, पिळासकट. हळूहळू बाही फिरवत ती कोपराशी पोचली. काय हात होता या पोरीचा! उभ्याला उभा, आडव्याला आडवा, रंगाला रंग. आणि मग तो डावा काठ.

ओळ संपेपर्यंत ती थांबली.

"शोध चालवलाय का?" धाकटीनं विचारलं. आता ती हसत नव्हती. हात तिनं काढून घेतला नाही, उलट बाही ताणून सरळ धरली, शोधाला धरतात तशी. "इथं? आत्ता?"

"तासाभरानं हा डोळा जाणार आहे. म्हणजे हा असा जाणार आहे. भोक पाडून घेते मी, त्याचं काही नाही." थोरलीनं बोटाचं टोक त्या जागेवर टेकवलं. "सापडला."

धाकटीनं दुसऱ्या हातानं चष्मा सारखा केला आणि त्या बोटाखाली वाकून पाहिलं.

"डाव्या काठाला वळताना तू धागा ओढतेस. केसभर. बाकी सगळं सासूबाईंच्या हातचं वाटावं असं आहे. पण तिथं ओढतेस. या कोटात आहे, फडताळावरच्या सगळ्या कोटांत आहे. मी तुझ्या पाठीमागं बघितले."

"मग मागं कधी सापडला कसा नाही?" धाकटीचा आवाज बारीक झाला होता. "रोज बघायचात तुम्ही. रोज नाही म्हणायचात."

आतून कुणीतरी थोरलीला हाक मारली. ती उठली नाही. तिनं धाकटीची बाही तशीच दोन्ही हातांत धरून ठेवली, आणि त्या लख्ख वितीच्या आतून, तिच्या तोंडाकडं बघत म्हणाली,

"मी शोधतच नव्हते गं. मला दिसत नव्हतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. तू कापड पुढ्यात ठेवायचीस, आणि मी नुसती बोटं फिरवून नाही सापडला म्हणायचे. एवढी वर्षं तुझं काम मी एकदाही बघितलेलं नाही."